लडाखच्या ९ रात्री आणि बोटातली अंगठी : रात्रभर ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा रिव्ह्यू

कोव्हिडच्या दुसऱ्या लाटेत ९४ हा आकडा आमच्या घरात असा काही बसलाय की अजून जात नाही. ९४ च्या खाली गेलं की बेड शोधायचा, फोन फिरवायचे, हे त्या दिवसांत सगळ्यांनीच केलंय, आमच्याकडे तर आईसाठी प्रत्यक्ष करावं लागलं होतं. त्यामुळे या जूनमध्ये आईबाबांना लेह-लडाख दाखवायचं ठरलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, तिथे ऑक्सिजन किती येतो गं? मी म्हटलं, आई, तिथे पहिल्या दिवशी ८६-८८ आलं तरी नॉर्मल धरतात. त्यावर ती जे गप्प झाली ते दिल्लीच्या विमानात बसेपर्यंत.

मी पुण्यात एका स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोक झोपलेले असतात आणि मी रात्रभर पलीकडच्या खोलीत बसून स्क्रीनवर त्यांचा श्वास बघते, ११ वर्षं हेच काम. म्हणून बाजारात मिळणारा साधा चिमटा-ऑक्सिमीटर न घेता मी यावेळी अंगठीसारखा बोटात घालायचा, रात्रभर रेकॉर्डिंग करणारा ऑक्सिमीटर घेतला, साडेसहा हजार रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा ४-५ कंपन्यांच्या अंगठ्या आतून साधारण सारख्याच असतात आणि मला यंत्रापेक्षा ते कसं वापरायचं आणि त्यातून काय कळतं यावर जास्त लिहायचंय. ग्रुपवर सारखे प्रश्न येतात, लडाखला ऑक्सिमीटर नेऊ का, कुठला नेऊ, किती आकडा आला तर घाबरायचं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी यंत्राबद्दल. अंगठी सिलिकॉनची आहे, अंगठ्यात किंवा तर्जनीत बसते, आतल्या बाजूला दोन दिवे, एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात आणि त्या फरकावरून टक्केवारी काढतात. त्यात नाडीच्या ठोक्यांचा आधार घ्यायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरची, १९७० च्या दशकातली. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे त्यांचं यंत्र जगातल्या घराघरात पोचत होतं नेमकं तेव्हा. हे वाचलं होतं तेव्हापासून दरवेळी बोटातला तो लाल उजेड बघितला की मला त्यांची आठवण येते.

अचूकपणा ठीक आहे. कोव्हिडच्या वेळचा जुना चिमटा सोबत होता, रोज सकाळी दोन्ही लावून बघायचे, १-२ टक्क्यांचा फरक पडायचा आणि तेवढा पडणारच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, २०२० मध्ये अमेरिकेत यावर मोठा अभ्यास छापून आला होता. तेव्हा ८८ ला ८८ च समजून बसू नका, जरा सैल धरा. आणि बोट गार असेल तर वाचन येतच नाही, नाहीतर भलतंच येतं. लेहला पहाटे आईच्या बोटावर ७१ आलं आणि तिचा चेहरा उतरला. मी तिचा हात माझ्या काखेत धरून ठेवला ५ मिनिटं, मग ८७ आलं. आधी हात गरम करा, मग मोजा.

आता मुख्य तक्रार. कंपनीने अंगठीचा अलार्म ८८ वर सेट करून दिलेला असतो, त्याच्या खाली गेलं की अंगठी बोटात थरथरते. लेहची उंची साधारण ३,५०० मीटर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन-तृतीयांशच्या आसपास. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण दाबच कमी म्हणून प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन कमी. अशा ठिकाणी ८८ चा अलार्म म्हणजे पाहुण्याला झोपूच द्यायचं नाही. पहिल्या रात्री बाबा ११ वाजता झोपले आणि १ वाजेपर्यंत अंगठीने त्यांना ७ वेळा उठवलं, शेवटी मीच अलार्म बंद केला. वर ॲपमध्ये लाल पट्टी, खाली इंग्रजीत ‘गंभीर’ असा शेरा. सपाटीवरच्या माणसांसाठी बनवलेले आकडे तसेच्या तसे ३,५०० मीटरवर लावले तर दुसरं काय होणार. सेटिंगमध्ये उंचीसाठी एक वेगळा पर्याय द्यायला हवा होता, ही खरंच मोठी उणीव आहे, कारण घाबरलेला माणूस अजून वाईट झोपतो.

दुसरी उणीव बारीक आहे पण माझ्या कामातली, म्हणून दिसली. ॲप दर ४ सेकंदाला एक आकडा घेऊ शकतं, पण कंपनीकडून येताना ते मिनिटभराची सरासरी दाखवण्यावर असतं. सरासरी काढली की रेघ गुळगुळीत होते आणि जे बघायचंय तेच पुसलं जातं. जाण्याआधी घरी बसून हे बदलून घ्या.

तर आता काय बघायचं ते. अलार्म बंद केल्यावर मला झोप येईना म्हणून मी बाबांच्या पलंगाशेजारी खाली गादीवर बसले, अंधारात, त्यांच्या पांघरुणावर हात ठेवून. सवयीने मोजायला लागले. चार श्वास, एकाहून एक मोठे, मग लहान होत गेले, मग थांबले. एकदम शांत. मी घड्याळ बघत होते, १२ सेकंद काहीच नाही. मग एक खोल श्वास, मग परत चार-पाच. परत शांत. असं चक्र साधारण २५ सेकंदाला एक, अर्धा तास मी मोजलं. लॅबमध्ये हे मी शेकडो वेळा स्क्रीनवर पाहिलंय पण आपल्या बाबांच्या छातीवर हात ठेवून कधीच नाही. एक गंमत तेव्हाच लक्षात आली, श्वास थांबलेला असताना मोबाईलवरचा आकडा ८५ च्या आसपास नीट असायचा आणि श्वास परत सुरू होऊन चार मोठे श्वास झाले की मग तो ७६ वर यायचा. म्हणजे यंत्र मागे चालतं. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो, थंडीत अजून जास्त. अंगठी थरथरते तेव्हा शरीराने आपलं काम केव्हाच केलेलं असतं, ती फक्त झोप मोडते.

हे का होतं ते सांगते, कारण ते कळलं की निम्मी भीती जाते. आपला श्वास दोन पहारेकरी चालवतात. एक मेंदूच्या तळाशी, तो रक्तातला कार्बन डायऑक्साइड बघतो आणि रोजच्या आयुष्यात त्याचंच चालतं. दुसरा गळ्यात, दोन्ही बाजूंना, जिथे मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी दोन फाट्यांत फुटते तिथे तांदळाच्या दाण्याएवढा अवयव आहे, कॅरोटिड बॉडी, तो ऑक्सिजन बघतो. बेल्जियमच्या हेमान्स यांना या शोधाबद्दल १९३८ चं नोबेल मिळालं. पुण्यात या दुसऱ्याला फारसं काम नसतं. लेहला उतरलात की तो ओरडायला लागतो, श्वास वाढव, श्वास वाढव. आपण श्वास वाढवतो, त्याने ऑक्सिजन थोडा सुधारतो पण कार्बन डायऑक्साइड भसाभसा बाहेर जातो, मग पहिला पहारेकरी म्हणतो, अरे बास, कार्बन डायऑक्साइड तर संपत आला, थांब. जागेपणी आपण ही ओढाताण निभावून नेतो. झोपेत मात्र एकदा हा जिंकतो एकदा तो. गीझरचा नळ जसा, पाणी गार लागलं म्हणून गरम वाढवतो, ते पोचेपर्यंत वाट बघत नाही, अजून वाढवतो, मग एकदम पोळतं, मग उलटं फिरवतो. तसा श्वास रात्रभर वरखाली होतो. ॲपवर सकाळी रेघ बघितली तर करवतीचे दात. ते दात दिसले म्हणजे हार्ट अटॅक नाही, फुप्फुसात पाणी नाही, नवीन माणसाचे दोन पहारेकरी अजून एकमेकांशी जुळले नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी ज्या टॅक्सीवाल्याकडे पुण्यातून पॅकेज घेतलं होतं तो सकाळी ८ ला दारात, चला खारदुंगला खिंडीत. ५,३५९ मीटर! आदल्या दिवशी सकाळपर्यंत आम्ही दिल्लीत होतो. म्हणाला, सगळे जातात मॅडम, कापूर हुंगा, ऑक्सिजनचा डबा देतो. आम्ही नाही म्हटलं, ॲडव्हान्सचे पैसे गेले, जाऊ देत. १९६२ च्या युद्धात आपले जवान थेट सपाटीवरून वर नेले गेले आणि त्यांच्यातले कितीतरी आजारी पडले, त्यातल्या १,९२५ जणांच्या नोंदी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केल्या, जगभर त्या वाचल्या जातात. एवढी किंमत मोजून मिळालेलं शहाणपण आणि आपण दोन दिवसांची सुट्टी वाचवायला ते सोडून द्यायचं का? पहिले दोन दिवस लेहमध्ये काहीही करू नका. विमानतळावरसुद्धा तेच सांगतात.

कापराची आणि डब्याची परीक्षा मात्र अंगठी घालून केली, कारण आपल्याकडे प्रत्येक ग्रुपमध्ये रुमालात कापूर असतोच. आई १० मिनिटं कापूर हुंगत होती, आकडा ८६ होता, ८६ च राहिला. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि त्याने धीर येत असेल तर जरूर हुंगा पण रक्तात काही जात नाही. डब्याने आकडा चार-पाच श्वासांत ९५ झाला आणि दीड-दोन मिनिटांत परत ८६. डब्यात गॅस असतोच किती. गाडीत घेरी आली तर खाली उतरेपर्यंतचा आधार म्हणून ठीक, रात्रभराचा उपाय म्हणून नाही.

प्राणायामाचं विचारतात सगळे. बाबा २० वर्षं करतात, त्यांना खात्री होती की आपल्याला काही होणार नाही. सकाळी अंगणात उन्हात बसून त्यांनी हळू, खोल श्वास घेतले, मिनिटाला साधारण सहा, आणि आकडा ८७ वरून ९३ वर गेला, माझ्या डोळ्यांसमोर, खरंच छान वाटलं. पण उठून चहा प्यायला गेले तोवर परत ८७-८८. आणि कुंभक केला तेव्हा ७९. हळू खोल श्वासाने उंचीवर ऑक्सिजन वाढतो हे अभ्यासांतही दिसलंय, पण जागे असेपर्यंतच, झोपल्यावर श्वास तुमच्या हातात राहत नाही. श्वास रोखून धरायचे प्रकार मात्र तिथे नकोच.

तिसऱ्या दिवशी बाबांनी डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) सुरू केली, डॉक्टरांनी पुण्यातच लिहून दिली होती, १२५ मिलिग्रॅम दोनदा, पण बाबा आधीच बीपीच्या गोळ्या खातात म्हणून टाळत होते. खरं तर निघायच्या आदल्या दिवशीच सुरू करायची असते. ही गोळी किडनीतून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त किंचित आंबट होतं आणि मेंदूतल्या पहिल्या पहारेकऱ्याचा ‘थांब, थांब’ आवाज खाली येतो. त्या रात्रीच्या रेघेत दात होते पण निम्म्या उंचीचे आणि विरळ. गोळीने झालं की तिसरी रात्र म्हणून झालं, एका माणसावरून मी सांगू शकत नाही, दोन्हीचा वाटा असेल. बोटांना मुंग्या येतात, सोडा प्यायला तर बेचव लागतो, हे त्या गोळीचंच, घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नका, दोन्ही श्वासाचा जोर कमी करतात, नेमकं जे नको तेच.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. आम्ही लेहमध्ये एका होमस्टेमध्ये उतरलो होतो, खाली घरमालकीण राहतात, साठीच्या, आम्ही त्यांना अमा-ले म्हणायचो, म्हणजे आई, ‘ले’ हा तिथला मानाचा शब्द. त्यांचं माहेर करझोक, त्सो मोरिरी तलावाकाठचं, ४,५०० मीटरच्या वर, घरी पश्मिनाच्या बकऱ्या. त्या दिवसातून वीस वेळा जिना चढायच्या, हातात पाण्याची बादली, बोलत बोलत, आणि त्यांना धाप लागलेली मी एकदाही पाहिली नाही. चौथ्या रात्री मी विचारलं, अमा-ले, आजची रात्र तुम्ही घालाल का ही अंगठी? त्यांनी आधी विचारलं, याने दुखतं का, मग विचारलं, यात काय दिसतं, मी माझ्या हिंदीत सांगितलं, तुमचा श्वास झोपेत कसा चालतो ते. हसल्या आणि बोट पुढे केलं. कामाने घट्टे पडलेलं जाड बोट, तर्जनीत अंगठी जाईना म्हणून करंगळीत घातली.

सकाळी गुर-गुर चहा (लोणी-मीठ घातलेला) आणि गरम खंबीर (तिथली रोटी) खात खात आम्ही दोघींनी रेघ बघितली. सरासरी ८९. म्हणजे चौथ्या दिवशी दिवसा माझं जेवढं येत होतं तेवढंच! माझी आई म्हणाली, अगं, मग यांच्यात आणि आपल्यात फरक काय? फरक रेघेत होता. अमा-लेंची रेघ जवळजवळ सपाट, मधे दोन-चार बारके खड्डे, कूस बदलली असेल तेव्हाचे. करवत नाही. शेर्पांच्या बाबतीत हे पूर्वीच नोंदलं गेलंय, १९८१ च्या अमेरिकन एव्हरेस्ट संशोधन मोहिमेत सुखमय लाहिरी या आपल्या बंगाली शास्त्रज्ञांनी झोपेतला श्वास तपासला तेव्हा सपाटीवरच्या गिर्यारोहकांचा रात्रभर असा चढउतार होत होता आणि शेर्पांचा जवळपास नाही.

आणि पुढचं ऐका, मला स्वतःला हे वाचून किती वेळ गप्प बसावंसं वाटलं होतं. उंचावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सगळे लोक एकसारखा श्वास घेतात असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये. सिंथिया बील नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ४,००० मीटरच्या आसपास राहणाऱ्या तिबेटी आणि बोलिव्हियाच्या आयमारा लोकांची तुलना छापली. तिबेटी माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १५ लिटर हवा आतबाहेर करतो, आयमारा साडेदहाच्या आसपास. आपण सपाटीवर सहा ते आठ. ऑक्सिजन कमी केला की श्वास किती वाढतो ते मोजलं तर तिबेट्यांमध्ये आयमारांच्या साधारण दुप्पट. म्हणजे गळ्यातला तो तांदळाचा दाणा तिबेट्यांमध्ये अजून जागा आहे आणि अँडीजमध्ये मंदावलाय. पेरूचे पॅथॉलॉजिस्ट आरियास-स्तेला यांना १९६९ मध्ये तिथल्या उंचावरच्या लोकांत हा अवयव वाढून मोठा झालेला सापडला होता, आणि तरीही तो कमी बोलतो! अमेरिकेत लेडव्हिल नावाचं ३,१०० मीटरवरचं गाव आहे, तिथे खालून येऊन वर्षानुवर्षं राहिलेल्यांचाही हा पहारेकरी हळूहळू मंदावत गेलेला दिसला. तिबेट्यांचा मात्र हजारो वर्षं वर राहूनही मंदावला नाही.

मग एवढा श्वास घेऊन तिबेट्यांचा आकडा आयमारांपेक्षा जास्त असेल ना? नाही. तो अडीच टक्क्यांनी कमीच असतो. हिमोग्लोबिनही कमी, साधारण आपल्याएवढंच, तर आयमारांचं खूप चढलेलं. तिबेट्यांनी वेगळा मार्ग धरलाय, रक्तवाहिन्या रुंद, रक्ताचा प्रवाह जास्त, रक्त पातळ. २०१० मध्ये त्यांच्यातलं ईपास-१ या जनुकाचं वेगळं रूप सापडलं जे हिमोग्लोबिन वाढू देत नाही आणि २०१४ मध्ये कळलं की ते डेनिसोव्हा नावाच्या नामशेष झालेल्या मानवांकडून आलंय. रक्त दाट झालं की काय होतं ते अँडीजमध्ये दिसतं, तिथे डोकेदुखी, निळे पडलेले ओठ, हृदयावर ताण असा एक जुनाट आजार होतो, पेरूच्या कार्लोस मोंगे यांच्या नावाने तो ओळखला जातो, आणि त्याच्या मुळाशी श्वासाचा हा मंदावलेला जोर असल्याचं मानलं जातं. लडाखी लोक तिबेट्यांचे जवळचे नातेवाईक.

म्हणून सांगते, होमस्टेच्या मालकांच्या बोटाला चिमटा लावून ‘यांचंही ८९ आणि माझंही ८९, म्हणजे मी फिट’ असं कुणी करू नका. आमच्याच सोबत उतरलेल्या एका ग्रुपने नेमकं तेच केलं होतं. त्या ८९ च्या मागे अमा-लेंचा श्वास वेगळा, रक्त वेगळं, वाहिन्या वेगळ्या. आपला ८९ धापा टाकून मिळवलेला आहे आणि रात्री तो ७५ ला जाऊन येतो.

इथे एक नाव घ्यायचंच आहे. मेबल फिट्झजेराल्ड. १९११ मध्ये श्वासाचे शास्त्रज्ञ हॉल्डेन वगैरे मंडळी कोलोरॅडोच्या पाइक्स पीकवर मुक्काम ठोकून प्रयोग करत होती तेव्हा ही बाई एकटी खाणकामगारांच्या गावोगाव फिरून, तिथे कायम राहणाऱ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजत होती. उंची वाढते तसा तो पायरी पायरीने कमी होतो हे तिने दाखवलं, म्हणजे श्वास कायमचाच वाढलेला असतो. ऑक्सफर्डने तिला पदवी दिली १९७२ मध्ये, मानद, तेव्हा ती १०० वर्षांची होती. रात्रपाळीत कधी कंटाळा आला तर मला तिचा धीर वाटतो.

पुढच्या रात्रींचं थोडक्यात. नुब्रा खोऱ्यात (उंची साधारण ३,१०० मीटर, लेहपेक्षा खाली) पहिल्या रात्री आई आणि दुसऱ्या रात्री मी, दोघींचीही रेघ बरीच शांत. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा हा प्रकार कमी दिसतो, आईच्या बाबतीत तरी ते खरं ठरलं. मग सातव्या रात्री पँगाँग, ४,२५० मीटर, आणि अंगठी माझ्याच बोटात. रात्री अडीचला मी दचकून उठले, कोणीतरी उशी तोंडावर दाबल्यासारखं, उठून बसले, तंबूची चेन उघडली, बाहेर तलाव काळा आणि आकाशात एवढे तारे की डोळे ठरेनात, आणि माझा श्वास आत जातच नाहीये असं वाटत होतं. मला सगळं माहीत होतं तरी भीती वाटली. अंगठीत ७३ होतं, दोन मिनिटं हळू श्वास घेतल्यावर ८३. सकाळी रेघ बघितली, बाबांच्या पहिल्या रात्रीसारखी करवत, दात त्याहून खोल. पँगाँगला मुक्काम करायचाच असेल तर लेहमध्ये किमान तीन-चार रात्री काढून मगच, ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये असा नियम आहे आणि पँगाँगला तो मोडतोच, आमचाही मोडला. परत जाईन तेव्हा दिवसा बघून खाली येईन.

यंत्रावर पूर्ण विसंबू नका हेही लिहून ठेवते. बसल्या जागी धाप, सतत खोकला आणि फेसाळ थुंकी, सरळ रेषेत चालता न येणं, बडबड किंवा गुंगी, यातलं काहीही असेल तर आकडा कितीही चांगला असो, खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. लेहमध्ये सोनम नोरबू हॉस्पिटल आहे, तिथल्या लोकांना हे रोजचं आहे.

घ्यावा का? घरात साठीच्या पुढचं कोणी असेल, घोरणारं असेल, किंवा माझ्यासारखं रेघ बघून कळणारं कोणी असेल तर घ्या. नसेल तर साधा चिमटा पुरे, सकाळ-संध्याकाळ हात गरम करून, ५ मिनिटं बसून मोजायचं आणि कालपेक्षा आज बरा आहे ना एवढंच बघायचं. अंगठीची बॅटरी थंडीत लवकर उतरते, पांघरुणात घेऊन झोपा. रात्री बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते, वर पातळ मोजा चढवायचा, लोकरी हातमोज्यात ती फिरते. ॲपला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, हा मोठा फायदा, पँगाँगला रेंज नव्हतीच. ५ पैकी साडेतीन देईन, दीड गेला त्या ८८ च्या अलार्मसाठी आणि लाल शेऱ्यांसाठी.

परत आल्यावर बाबांनी हौसेने पुण्यातही अंगठी घातली, तीन रात्री. मला वाटलं ९६ ची सपाट रेघ येईल. आली नाही. पहाटेच्या सुमारास खड्डे आहेत, पण करवतीसारखे एकसारखे नाहीत, वेडेवाकडे, काही मिनिटं काहीच नाही मग एकदम तीन, आणि त्याच वेळी ते मोठ्याने घोरत होते असं आई म्हणते. हा प्रकार वेगळा, यात श्वासाचा हुकूम बरोबर सुटतो पण घसाच मिटतो. लेहला गेलो नसतो तर हे बघितलं नसतं कोणी. येत्या शुक्रवारी रात्री आमच्याच लॅबमध्ये त्यांची स्टडी लावलीय, त्या दिवशी ड्यूटी माझी नाही, मुद्दाम दुसऱ्या मुलीला सांगितलंय, मी बाबांना सोडून घरी येणार आहे.